डाळिंबी गाडीचं इंजिन

आमच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं, आणि त्यापायी लहानपणी मला जो मान मिळाला तो दिल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या मुलीला मिळाला असेल असं मला वाटत नाही. पुढे बस असली की डावीकडे बसलेल्या बाबांना तिच्या पलीकडचा रस्ता दिसायचा नाही. मला दिसायचा, कारण मी उजवीकडे बसायचे. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी बघायचे आणि सांगायचे, "चला," किंवा "थांबा, ट्रक येतोय." मी "चला" म्हटलं की बाबा जराही विचार न करता पाय दाबायचे. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली असायची. "हे पोरीच्या भरवशावर गाडी घालतात आणि मी देवाच्या भरवशावर मागे बसते," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

गाडी डाळिंबी रंगाची होती. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, आखूड डिकी, आणि मागे पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह', म्हणजे मागून येणाऱ्याने सांभाळून राहावं. पुढच्या चाकांच्या वर, पत्र्यावर, दोन्ही बाजूंना एकेक चकचकीत बिल्ला होता. त्यावर इंग्रजी 'व्ही' आणि आठचा आकडा. इंजिनाला आठ सिलिंडर, चार या कुशीला आणि चार त्या, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. आमच्या कॉलनीत तिला 'मराठी साहब की लाल गाड़ी' म्हणायचे.

बाबा कुठल्याही अर्थाने साहेब नव्हते. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि आम्ही आर. के. पुरमला दुसऱ्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. ऑफिसला ते बसने जायचे. अशा माणसाकडे अशी गाडी कशी आली, हे मला शाळेत दर वर्षी नव्या वर्गाला समजावून सांगावं लागायचं. दूतावासातला एक तरुण अमेरिकन ती बरोबर घेऊन आला होता. त्याची बदली झाल्यावर ती सरकारी लिलावात गेली आणि करोल बागेतल्या एका व्यापाऱ्याने उचलली. मग पेट्रोल महागलं. इतकं पेट्रोल पिणारी गाडी कोण घेणार? ती त्याच्या गोदामात धूळ खात पडली, टायर बसले, आणि शेवटी एका सहकाऱ्याच्या ओळखीने ती बाबांना जवळपास भंगाराच्या भावात मिळाली. बाबांनी खात्याला रीतसर कळवलं, खात्याची पोच घेतली आणि मगच गाडी घरी आणली. नियमाबाहेर त्यांनी आयुष्यात काही केलं नाही.

म्हणूनच असेल, पण या गाड्यांच्या जन्माची गोष्ट त्यांना फार आवडायची. ती ते नेहमी एकाच पद्धतीने सांगायचे. साठीचं दशक होतं. महायुद्ध संपल्यावर जन्मलेली अमेरिकेतली पोरं वयात आली होती, त्यांच्या खिशात पगार खुळखुळत होता. बापाच्या गाड्या होत्या लांब, मऊ, दिवाणखान्यातल्या कोचाला चाकं लावल्यासारख्या. पोरांना कोच नको होता. त्यांना एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शेजारच्या गाडीच्या आधी पोचायचं होतं. आता एका मोठ्या कंपनीत वरून हुकूम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ठरलेल्या मापापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. तिथल्या दोनतीन इंजिनियरांच्या ध्यानात आलं की थोरल्या गाडीचं भलंथोरलं इंजिन मधल्या गाडीच्या बॉनेटखाली आरामात मावतं. पण नवी गाडी म्हणून ती काढायची तर वरची मंजुरी लागणार. म्हणून त्यांनी नवी गाडी काढलीच नाही. जुन्याच गाडीवर गिऱ्हाइकाला हवं तर घेता येणारं जादा सामान, असं म्हणून ते इंजिन त्यांनी ऑर्डरच्या कागदावर घातलं. वरच्यांच्या लक्षात येईपर्यंत दुकानदारांच्या मागण्यांचा ढीग लागला होता.

"नियम मोडला नाही त्यांनी," बाबा बोट वर करून म्हणायचे, "फक्त नीट वाचला."

आणि ते स्वतःशीच हसायचे. फायलींत जन्म घालवलेल्या माणसाचं ते हसू होतं. पुढे मी स्वतः वाचलं तेव्हा कळलं की गोष्ट बरीचशी खरी आहे. त्यानंतर सगळ्याच कंपन्या त्या शर्यतीत उतरल्या, इंजिनं फुगत गेली, पोरं मरायला लागली, विमावाल्यांनी हप्ते चढवले, धुराचे कायदे आले, मग तेल महागलं, आणि दहा वर्षं धड व्हायच्या आत सगळा खेळ आटोपला. आमची गाडी त्या खेळाच्या मध्यावरची होती.

तिचं सौंदर्य कशात होतं हे मला फार लवकर कळलं होतं. बाहेरून ती तशी साधीच गाडी होती. अमेरिकेतला एखादा कारकूनही घेऊ शकेल अशी. सीट रेक्झिनच्या, काचा हाताने फिरवायच्या, पत्रा कामचलाऊ. कंपनीने सगळा जीव ओतला होता तो एकाच जागी. मसल कार म्हणजे साध्या अंगात घातलेलं अवाजवी इंजिन, बस. ते काढून घेतलं तर उरते एक जुनी, अवजड, वळताना हेलकावणारी गाडी.

पेट्रोल परवडत नसल्यामुळे गाडी फक्त रविवारी सकाळी सुरू व्हायची. मी आणि बाबा खाली उतरायचो, कव्हर काढून घडी करायचो, तेल बघायचो. मग बाबा किल्ली फिरवायचे. आधी सुस्त, नाराज घर्र-घर्र, आणि मग तो आवाज. मला तो आवाज कधीच कुणाला नीट सांगता आला नाही. खालच्या पट्टीतला, जाड, किंचित लंगडणारा, जमिनीतून पायात चढणारा. समोरच्या ब्लॉकमधल्या तमिळ काकू खिडक्या लावून घ्यायच्या. मला मात्र तो आवाज ऐकताना पोटात उबदार वाटायचं, आजही आठवला की वाटतं. बाबांनी मला लांब स्क्रूड्रायव्हरने इंजिन ऐकायला शिकवलं होतं. टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. मग प्रत्येक सिलिंडरचं बोलणं वेगळं ऐकू येतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी मी नुसती बाजूला उभी राहूनही सांगू शकायचे की आज एक जण गप्प आहे. मग आम्ही आठही सिलिंडरचे स्पार्क प्लग काढायचो, ज्याचा त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचो, मी ते पॉलिश पेपरने घासायचे आणि जिथले तिथे परत लावायचे. बाबा म्हणायचे, "तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. यात माझा काही हात नाही, तुझ्या आईकडून आला असेल."

आई गायची, म्हणून.

अशाच एका रविवारी, हात काळे आणि नखांत ग्रीस, बाबांनी मला सांगितलं, "अठराची झालीस की लायसन्स काढू. मग डावीकडे तू बसायचं आणि उजवीकडे मी. रस्ता मी बघेन."

मी विचारलं, "नक्की?"

"बिल्कुल नक्की," बाबा म्हणाले.

ते वाक्य मी चार वर्षं सांभाळलं. बारावीचा अभ्यास मी त्याच्यावर केला म्हटलं तरी चालेल. बाकीच्या मुली सरोजिनी नगरला कपडे घ्यायला जायच्या आणि मी रिंग रोडवरच्या कुठल्या सिग्नलनंतर रस्ता जास्त मोकळा असतो ते मनात ठरवत बसायचे.

मी बारावी झाले तेव्हा एकाच उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. मला पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, आणि आई-बाबा नोएडाला राहायला गेले. बाबांची निवृत्ती दोनतीन वर्षांवर आली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून सरकारी नोकरांच्या एका सोसायटीत त्यांनी आधीच फ्लॅटसाठी नाव घातलं होतं. तो ताब्यात आला. खुलं धोरण येऊन थोडे दिवस झाले होते. वर्तमानपत्रात रोज नव्या गाडीची, नव्या टीव्हीची, नव्या सेक्टरची जाहिरात असायची. नोएडा म्हणजे तेव्हा आकड्यांचे सेक्टर, मधोमध गवत वाढलेले रिकामे प्लॉट आणि विटांचे ट्रॅक्टर. मला ते आवडलं, कारण रस्ते रुंद होते आणि त्यांवर कुणी नव्हतं. मी बाबांना म्हटलं, "इथेच शिकवा मला." बाबा म्हणाले, "अगं, हे रस्ते तुझ्यासाठीच केलेत असं समज."

मी पुण्याला गेले. हॉस्टेलच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. दर रविवारी सकाळी मी रांगेत उभी राहायचे आणि घरी फोन लावायचे. आई जेवणाचं, पाण्याचं, परीक्षेचं विचारायची. मग बाबा फोन घ्यायचे आणि मी विचारायचे, "आज सुरू केली?"

"आत्ताच करून वर आलो."

"आठही बोलतात?"

"आठही! काय सांगू तुला. इथे मोकळं आहे ना सगळं, आवाज असा घुमतो! समोरच्या ब्लॉकवरून परत येतो."

काचेच्या त्या खोक्यात उभी राहून मी डोळे मिटायचे. बाहेर पुढची मुलगी काचेवर टकटक करत असायची. एकदा हिवाळ्यात बाबा म्हणाले की थंडीमुळे एक सिलिंडर कुरकुरतोय. मी विचारलं, "डाव्या बाजूचा की उजव्या?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "उजव्या. मागून दुसरा." मी त्यांना प्लग काढून घासायला सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं की घासला, आता झकास चालतंय. मला दिवसभर आनंद झाला. दिवाळीला मी दिल्लीला गेले नाही. आई-बाबाच पुण्याला आत्याकडे आले, आणि तेव्हाही आत्याच्या गच्चीवर बसून बाबांनी मला रंगवून रंगवून सांगितलं की नोएडाहून दिल्लीला जाताना यमुनेच्या पुलावर गाडी कशी पळते.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा मी अठरा वर्षं पूर्ण केली होती. घरी येताना माझ्या बॅगेत पुण्याला काढलेलं शिकाऊ लायसन्स होतं. निजामुद्दीन स्टेशनवर रेल्वेतून उतरले तर बाबा एकटेच, हातात पाण्याची बाटली घेऊन उभे.

"गाडी?"

"बॅटरी बसलीय गं. उद्या-परवा बदलतो."

आम्ही ऑटोने नोएडाला आलो. गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. मी कव्हराला हात लावायला गेले तर बाबा म्हणाले, "आधी वर चल, आई वाट बघतेय." आईने पुरणपोळी केली होती. सणवार नसताना, ऐन मे महिन्यात. ती मला वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, वर्षभर दूर राहिल्यामुळे तिला भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून अंथरुणात होते. खाली कुणीतरी टेम्पो सुरू केला. खडखड, टकटक, सगळे पत्रे थरथरवणारा तो आवाज पाच-दहा मिनिटं एकाच जागी चालू होता. दुधाचा टेम्पो असेल, आणि हा ड्रायव्हर इंजिन का तापवत बसलाय, असं मनात म्हणत मी बाल्कनीत आले. खाली दुधाचा टेम्पो नव्हता. आमची डाळिंबी गाडी होती. कव्हर काढलेलं, मागून काळा धूर, आणि डावीकडच्या खिडकीत बाबांचं कोपर. ती हळूच मागे आली, वळली आणि खडखडत गेटबाहेर गेली. प्रवासाने थकलेली मुलगी झोपली असेल, असा बाबांचा हिशेब होता. वळताना पत्र्यावरचा तो व्ही आणि आठ उन्हात लखलखला.

मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. आई मागे येऊन उभी राहिली.

"केव्हा?" मी विचारलं.

"तू गेलीस, त्याच महिन्यात," आई म्हणाली. "मला म्हणाले, तिला सांगू नकोस, मी स्वतः सांगतो."

त्याच महिन्यात. म्हणजे मी रांगेत उभी राहून लावलेला पहिला फोनसुद्धा त्यात आला. थंडीत कुरकुरणारा, उजव्या बाजूचा, मागून दुसरा सिलिंडर बाबांनी फोनवर उभ्या उभ्या रचला होता. त्याचा प्लगही त्यांनी घासला होता! मला आधी हसूच आलं, वेड्यासारखं, आणि मग एवढा संताप आला की आईच्या हातातला चहा मी घेतला नाही. इंजिन गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आलं ते हे, की जो आवाज मी डोळे मिटून वर्षभर ऐकला तो कुठेच नव्हता आणि हे मला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं.

आईने मग सांगितलं ते असं. आर. के. पुरमला माणूस हुद्द्याप्रमाणे मिळणाऱ्या क्वार्टरच्या टाइपवरून ओळखला जायचा. हा टाइप थ्री, तो टाइप फोर, झालं; कुणाला काही सिद्ध करायचं नसायचं. नोएडात सगळ्यांचे फ्लॅट सारखे. इथे माणूस गाडीवरून ओळखला जायला लागला होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी नवी गाडी बुक केली, समोरच्याने केली. बाबांना चार्टर्ड बसच्या थांब्यावर डबा घेऊन उभं राहायची लाज वाटायला लागली. घरात अशी गाडी असून आपण बसने का जायचं, असं ते म्हणायला लागले. पण ते इंजिन रोज ऑफिसला न्यायचं तर पगार पेट्रोल पंपावरच ठेवावा लागला असता. दिल्लीत तेव्हा जुन्या परदेशी गाड्यांना सर्रास डिझेलची इंजिनं बसवून मिळत. मायापुरीच्या भंगार बाजारात कुणीतरी एका टेम्पोचं इंजिन काढून दिलं आणि बसवूनही दिलं.

संध्याकाळी तो खडखडाट गेटमधून आत आला तेव्हा मी खाली उभीच होते. बाबांनी मला पाहिलं आणि गाडी बंद केली. ती लगेच बंदसुद्धा झाली नाही, दोन आचके देऊन थांबली.

मी बॉनेट उघडलं. आधी जिथे हात घालायला जागा शोधावी लागायची तिथे आता मधोमध एक लहानसं, तेलकट, उभट इंजिन बसलेलं होतं आणि चारी बाजूंनी खालची जमीन दिसत होती. बापाच्या कोटात पोर उभं करावं तसं ते दिसत होतं. त्याला चार सिलिंडर होते.

"सांगणारच होतो," बाबा म्हणाले.

"कधी?"

"परीक्षा होती तुझी. म्हटलं, उगीच तुझं लक्ष…"

"वर्षभर परीक्षा होती?"

ते गाडीची किल्ली खिशात घालायला लागले.

"ते इंजिन कुठे आहे?"

"मायापुरीच्या बाजारातच दिलं."

"कुणाला? कुणी बसवलं ते?"

"ते मला कसं माहीत असणार? वजनावर गेलं ते." मग माझा चेहरा बघून ते घाईघाईने म्हणाले, "हे बघ, गाडी तीच आहे ना? रंग तोच, सीट त्याच, सगळं तेच. मी कागदांवरही रीतसर नोंद करून घेतलीय. इंजिन बदललं, इंधन बदललं, सगळं."

ते खरंच होतं. बाबांनी परिवहन खात्याला कळवलं होतं, विमावाल्यांना कळवलं होतं, आपल्या खात्यालाही कळवलं असेल. कायद्याने ज्याला ज्याला कळवायला हवं त्या प्रत्येकाला कळवलं होतं. मुलीला कळवावं असा कुठे नियम नव्हता.

"मग तो बिल्ला का ठेवला?" मी विचारलं. "तोही काढायचा ना."

बाबांनी पत्र्याकडे पाहिलं. "बरा दिसतो," ते म्हणाले.

तेव्हा मला आमच्यातला सगळा फरक एकदम दिसला. बाबांना गाडी दिसायला हवी होती आणि मला ऐकायला. एवढी वर्षं एकाच गाडीशेजारी उभे राहून आम्ही दोन वेगळ्या गोष्टींवर जीव लावला होता. पण हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. माहीत होतं म्हणून तर त्यांनी मी जायची वाट पाहिली. त्यांनीच सांगितलेल्या गोष्टीतल्या इंजिनियरांनी साध्या गाडीत मोठं इंजिन लपवलं होतं. बाबांनी मोठ्या इंजिनाच्या गाडीत टेम्पो लपवला होता. हे मी त्यांना तिथेच, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "हळू बोल, लोक राहतात इथे."

त्यानंतर आठवडाभर आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. बाबा रोज काहीतरी विषय काढायचे. एकदा म्हणाले, "चल, तुला शिकवतो, संध्याकाळी सेक्टर रिकामा असतो." मी नाही म्हटलं. शिकाऊ लायसन्स बॅगेतून बाहेर काढलंच नाही. मला ते लायसन्सचं वाक्य ज्या गाडीपाशी मिळालं होतं ती गाडी नव्हतीच, तर शिकायचं कशात?

मग पुढच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या पंजाबी काकांची नवी गाडी आली. बॉनेटला लाल रिबन, पुढच्या चाकांखाली लिंबं, आणि काकू लाडवांचा डबा घेऊन सगळ्यांच्या दारात. सोसायटीतला बहुतेक सगळा पुरुषवर्ग पार्किंगमध्ये जमला. आईने मला ढकलूनच खाली पाठवलं. नवी गाडी पांढरी, छोटी, नेटकी होती. तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा झाल्यावर लोक हळूहळू आमच्या गाडीकडे सरकले, कारण शेजारी तीच उभी होती आणि तिच्याइतकी लांब गाडी तिथे दुसरी नव्हती. आणि बाबांनी गोष्ट सुरू केली. हिंदीत, पण तीच. कोच नको असलेली पोरं, वरचा हुकूम, जादा सामान म्हणून घुसवलेलं इंजिन. बोट वर करून म्हणाले, "रूल तोड़ा नहीं, रूल पढ़ा." लोक हसले.

पंजाबी काकांनी त्या बिल्ल्यावरून बोट फिरवलं. "तो इसमें अब भी वही इंजन है, भाई साहब? आठ वाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "बेटी इंजीनियरिंग कर रही है. इससे पूछिए."

मला अजूनही तो क्षण आठवला की कान गरम होतात. वर्षभर मला फसवलं, आणि आता मीच साक्षीदार! त्यांना खात्री होती की घरचं माणूस चारचौघांत आपल्याला उघडं पाडणार नाही. मला वाटलं, पाडतेच. मला खरोखर वाटत होतं की सगळ्यांसमोर त्यांची मान खाली जावी, मला बाल्कनीत जे वाटलं त्याच्या निम्मं तरी त्यांना वाटावं.

"नहीं अंकल," मी म्हटलं. "वो इंजन तो पापा ने कबका निकलवा दिया. इसमें टेम्पो का इंजन है. डीज़ल का."

बाबांच्या मानेवरची शीर दिसत होती. पंजाबी काकांचा हात बिल्ल्यावरच राहिला. त्यांनी बाबांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं.

"डीज़ल?" ते म्हणाले. "इतनी बड़ी गाड़ी डीज़ल पे? ओ जी कमाल कर दी! एवरेज कितनी दे रही है?"

बाबांनी आकडा सांगितला, आधी पुटपुटत. "हैं?" कुणीतरी मागून ओरडलं. बाबांनी तो पुन्हा सांगितला, या वेळी मोठ्याने. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, नवी गाडीसुद्धा एवढं अ‍ॅव्हरेज देत नाही. कुणी म्हणालं, भाई साहब ने दिमाग़ लगाया है. एकाच्या सासऱ्यांची जुनी परदेशी गाडी मेरठला पडून होती, तो बाबांना इंजिन बसवणाऱ्याचा पत्ता विचारायला लागला. बाबांनी स्वतः जाऊन बॉनेट उघडलं. दहा-बारा माणसं त्या भोकात वाकली आणि त्या तेलकट, उभट इंजिनाकडे कौतुकाने बघायला लागली. नवी पांढरी गाडी रिबनसकट एकटी उभी होती. पंजाबी काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या तोंडात लाडू घातला.

बाबा समजावून सांगत होते, जागा कशी केली, इंजिनाखालचा पाया कसा बदलला, खर्च किती महिन्यांत भरून निघाला. मी त्यांना इतकं मोकळं, इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. मधेच त्यांनी मान वर केली आणि गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट उपकार मानल्यासारखं काहीतरी होतं.

"बघितलंस?" ते मराठीत म्हणाले. "उगीच घाबरत होतो मी."

लाडू माझ्या तोंडातच होता. मला कळलं की यातल्या कुणाशीही त्यांना कधीच खोटं बोलावं लागलं नसतं. ते इंजिन जगात एकाच माणसाला हवं होतं, म्हणून फसवायलाही बाबांना तेवढं एकच माणूस होतं.